बुधवारबद्दल तुला काय वाटतं?

"मावशी, बुधवारबद्दल तुला काय वाटतं?" भाचीचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. मला वाटलं, कुठे जायचं-बियचं ठरतंय. "मोकळी आहे गं, चारनंतर ये," म्हटलं. "तसं नाही. बुधवार. नुसता वार. त्याच्याबद्दल तुझ्या मनात काय येतं?" काही नाही येत, मी म्हटलं. "माझ्याही नाही येत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही पडला की फोन ठेवल्यावर माझं पेपरात लक्षच लागेना. ती बारावीला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरतेय, आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्जात असा एक निबंध लिहावा लागतो. दरवर्षी नवे प्रश्न निघतात, बरेचसे तिथल्याच आजी-माजी विद्यार्थ्यांनी सुचवलेले. ते नको असतील तर जुन्यांतला कुठलाही उचला, नाहीतर स्वतःच एखादा प्रश्न घाला, अशी मुभा. तिने जुन्यांतला हा उचलला होता. हाच का, ते तिला सांगता येत नव्हतं. एक नोव्हेंबरची मुदत समोर होती आणि बुधवार काही केल्या बोलत नव्हता.

मग मी तिच्याकडून बाकीचे प्रश्नही मागवून घेतले आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. 'एक्स शोधा.' बस, एवढंच. शून्याने कशाला भागता येतं? दुकानातली दीड फूट उंचीची मस्टर्डची बरणी कोण विकत घेत असेल? या विद्यापीठाच्या अर्जाचं नावच पूर्वी 'अनकॉमन अ‍ॅप्लिकेशन' होतं. २००८च्या सुमारास तेही बाकीच्यांच्या सामायिक अर्जात आले, पण प्रश्नांची तऱ्हा त्यांनी सोडली नाही. इतरांचेही नमुने आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एकेकाळी विचारलं होतं: तुम्ही तीनशे पानांचं आत्मचरित्र लिहून संपवलंय, त्यातलं पान क्रमांक २१७ पाठवा. स्टॅनफर्डला होणाऱ्या रूममेटसाठी चिठ्ठी हवी असते. आणि सामायिक अर्जातल्या ज्या मुख्य निबंधावर सगळी घरं हवालदिल असतात, त्याला मर्यादा ६५० शब्दांची. आमच्या दहावीच्या निबंधाहून ते फार मोठं काम नाही, असं मला आधी वाटलं. पान २१७ च्या प्रश्नापाशी मी जरा थांबले. सतरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातलं पान २१७ अजून यायचंय, आणि तेच तिच्याकडे मागतायत.

ताईच्या घरी या प्रश्नांनी वातावरण तापलं होतं. भावोजींचं म्हणणं सरळ होतं: मुलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के आहेत, अकरावीत गणितात पहिली आहे, ते बघा की. मला त्यांचा राग नाही आला. आमच्या पिढीला कॉलेज म्हणजे यादी. जूनचा पाऊस, रुईयाच्या नाहीतर रुपारेलच्या आवारात भिंतीवर लावलेले कागद, शाई पसरलेली, आणि त्या कागदांवर बोट फिरवत उभी असलेली ओली माणसं. कुणी अर्ध्या टक्क्याने हुकलेला, कुणाचा बाप शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतोय की दुसऱ्या यादीत उतरेल का हो. ती यादी कठोर होती, पण तिने तुमच्या घरात काय शिजतं हे कधी विचारलं नाही. तिच्यापुढे आपण सगळे एक आकडा होतो, आणि त्यात एक प्रकारची सुटकाही होती. आता कुणीतरी सातासमुद्रापलीकडून विचारतंय की बुधवारबद्दल तुला काय वाटतं, आणि या उत्तरावरही काही अवलंबून आहे. भावोजी अस्वस्थ होणारच.

शिवाय अंधेरीतल्या एका सल्लागार बाई होत्या. त्यांची फी ऐकून आमची आई, म्हणजे भाचीची आजी, देवापुढे बसली होती. त्यांचं मत असं की विषय कुठलाही असो, त्यात किनारा स्वच्छ करणं यावं, नेतृत्व यावं, एखादा संघर्ष यावा आणि शेवटी त्यातून काय शिकलात ते यावं. भाचीने तो साचा वहीत नीट लिहून घेतला होता, चार चौकोन आखून. चौकोनांत काय भरायचं हे तिला कळत नव्हतं, कारण तिचं आयुष्य बरं चाललंय. माहीममध्ये घर आहे, आजी आहे, डबा आहे. संघर्ष कुठून आणायचा?

मी मराठी शिकवते. मराठीच्या शिक्षकाला विचित्र प्रश्नांचं नवल नाही. सूर्य उगवला नाही तर? आरसा नसता तर? मी फळा बोलतोय. फाटक्या पुस्तकाचं मनोगत. पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त. पिढ्यान् पिढ्या आपण मुलांना हे विचारत आलो आहोत. शिकागोच्या एक्समध्ये आणि आमच्या आरशात जातीचा फरक नाही. पण गठ्ठा उघडा, आणि सूर्य प्रत्येक वहीत एकाच पद्धतीने उगवायचा राहतो. आधी शाळेला सुट्टी मिळते म्हणून आनंद. मग झाडं वाळतात, शेतकरी रडतो. आणि शेवटी, "अरे बापरे! आई मला हलवून उठवत होती. म्हणजे ते स्वप्न होतं तर!" हा शेवट गाइडमधून आला, मोठ्या भावाच्या वहीतून आला, क्लासच्या नोट्समधून आला. मुलांनी तो मनापासून पाठ केलाय, आणि त्याला गुण मिळतात.

एक वही मात्र मला कधी विसरता आली नाही. फाटक्या पुस्तकाचं मनोगत. बाकी सगळ्या मुलांच्या निबंधात पुस्तक रद्दीवाल्याला घाबरतं. या मुलाच्या निबंधात रद्दीवाला हाच पुस्तकाला भेटलेला पहिला माणूस होता, ज्याने त्याला दोन्ही हातांनी उचललं. पुढे मुलाने लिहिलं होतं की वजन करण्याआधी पुठ्ठा सोलून काढतात, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, पांढऱ्या कागदाचा वेगळा आणि वर्तमानपत्राचा वेगळा. पुठ्ठा निघताना डिंकाचा कसा आवाज येतो तेही लिहिलं होतं. त्याच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. त्याला काही सुचवावं लागलं नव्हतं. जे त्याला माहीत होतं ते त्याने निबंधात येऊ दिलं, एवढंच. शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या.

त्या वहीपासून माझं मत झालं ते अजून तसंच आहे. विचित्र प्रश्न कल्पनाशक्तीची परीक्षा घेतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. तो जवळच्या माहितीची परीक्षा घेतो. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात फेलो, म्हणजे संशोधक सदस्य, निवडताना एक शब्द देत आणि त्याच्यावर तीन तास लिहायला लावत. 'पाणी' म्हटलं की पाणी. २०१० मध्ये त्यांनी ती पद्धत बंद केली. तीन तास एका शब्दापुढे बसलेल्या माणसाची हुशारी पहिल्या वीस मिनिटांत संपत असणार. पुढे जे येतं ते त्याच्या घरातलं, गल्लीतलं, त्याने कधीतरी निरखून पाहिलेलं. सरळ प्रश्नाला तयार उत्तर असतं, म्हणून तिथवर जावं लागत नाही. बुधवारला तयार उत्तर नाही.

म्हणजे नसायला हवं. भाचीने पहिला खर्डा पाठवला त्यात होतं. बुध सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह, ८८ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. मग नॉर्स लोकांचा ओडिन देव, ज्याच्या नावावरून इंग्रजीतला 'वेन्सडे' आला. मग ऑफिसच्या आठवड्याची चढण बुधवारी कशी संपते आणि उतार कसा सुरू होतो, जरी या मुलीने ऑफिस अजून आतून पाहिलेलं नाही. इंग्रजी गुळगुळीत, वाक्यं तालात. सगळं खरं, आणि त्यात तिचं काहीच नाही. तो निबंध माहीममधल्या कुणीही, मिनेसोटातल्या कुणीही, हल्ली तर कुणीही न लिहिता लिहून झाला असता. मी तिला एवढंच विचारलं की तुमच्या घरी बुधवारी काय होतं.

"काही नाही. मासे."

आमच्यासारख्या घरांत हे पंचांग कुणी शिकवत नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांनी आपापले वार घेतल्यावर उरतात बुध, शुक्र आणि रवि. त्यातल्या रविवारला मान आहे, शुक्रवार जरा उनाड आहे, आणि बुधवार हा दोन उपासवारांच्या मध्ये सापडलेला दिवस. तर येत्या बुधवारी आजीबरोबर बाजारात जा, मी तिला म्हटलं, आणि काही लिहू नकोस.

आई अजूनही सिटीलाइटच्या बाजारात स्वतः जाते. भाची पिशवी धरायला जायचीच, पण कानात गाणी घालून. त्या बुधवारी कान मोकळे होते. रात्री तिने मला जे लिहून पाठवलं ते निबंध म्हणून नव्हतं, म्हणून इतकं चांगलं होतं. पायाखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. आजी कल्ला उचलून आत लाल आहे का बघते, बघताना तोंडाने भलतंच बोलते, कोळणीच्या सुनेचं बाळंतपण कधी, वगैरे. बांगड्याच्या पोटावर बोट दाबते, खळी राहिली की पुढे चालू लागते. भाव ऐकून घेते आणि उत्तर देत नाही, फक्त पाटीतला दुसरा मासा उचलते, आणि पहिल्याचा भाव आपोआप खाली येतो. सुटे पैसे ओले परत मिळतात. येताना बस एलजे रोडवर अडकते, कारण बुधवार हा माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाचाही, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायच्या प्रार्थनेचाही वार. १९४८ पासून दर बुधवारी तिथे रीघ लागते. मेणबत्त्या घेतलेली माणसं, त्यांत टिकली लावलेल्या बायका कितीतरी. हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलेलं, आणि तरी मला लिहिलं, "मावशी, बसमध्ये मासे आमच्या मांडीवर होते आणि खिडकीबाहेर चर्च होतं आणि आजी चर्चकडे बघून हात जोडत होती. ती का जोडते गं?"

मला माहीत नव्हतं. आई रस्त्यातल्या प्रत्येक देवाला हात जोडते, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसरी गोष्टही भाचीनेच टिपली. बुधवारी रात्री आजी सगळ्यांना वाढते, तुकडे मोजून, मधला जावयाला, शेपटीकडचा स्वतः मागून घेणाऱ्या नातीला. आणि स्वतः बसते तेव्हा ताटात आमटी-भात. आईला रात्री मासे सोसत नाहीत, हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. पण शुक्रवारी रात्री सोसतात. रविवारी रात्रीही सोसतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. बुधवारकडे मुद्दाम बघत बसलेल्या मुलीला सुचलं, आणि तिने भांडी आवरताना विचारून टाकलं.

माझा भाऊ लहान असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. ताप उतरेना. चाळीतल्या ख्रिस्ती शेजारणीने आईला नोव्हेनाला नेलं. ओळीने नऊ बुधवार जायचं असतं. आई गेली, आणि तिथे उभी राहून मनाशी बोलली की पोरगा उठून बसू दे, बुधवारी मासे खाणार नाही. पोरगा उठून बसला. पण घरात सासू होती. मासे आणणं बंद केलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि चर्चमध्ये केलेला नवस सासूला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून ती बाजारात जात राहिली, तळत राहिली, वाढत राहिली, आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतःचं ताट घेत राहिली, जिथे कुणी बघायला नसायचं. भाऊ आता पन्नाशी ओलांडून डोंबिवलीत राहतो, बुधवारी सुरमई दोनदा मागून घेतो. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ताईला नाही, मला नाही.

"आजी, पण किती दिवसांचा नवस होता?" भाचीने विचारलं.

"ते बोलायचं राहिलं," आई म्हणाली. "मुदत घातलीच नव्हती. मग आता कोणाला विचारून सोडू?"

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते एका धाग्यात येत नाही. आईबद्दल भरून आलं, ते तर आलंच. त्याबरोबर एक खुपणंही होतं, की तिच्या इतक्या वर्षांच्या बुधवारांचा शोध लागायला शिकागोहून प्रश्न यावा लागला. आणि मग भीती वाटली. आता ही मुलगी हे सगळं लिहिणार. कोळणी, बर्फाचं पाणी, चर्च, नवस करणारी हिंदू आजी. दूरदेशीच्या वाचकाला असं चित्र फार आवडतं, मुंबई कशी सर्वांची, वगैरे. सल्लागार बाईंना तर नक्कीच आवडणार. एका बाईने सासूपासून, नवऱ्यापासून, मुलांपासून जपलेली गोष्ट, ती एका प्रवेशअर्जाला जोडून पाठवायची? मी भाचीला म्हटलं, आधी तिला विचार. तिने विचारलं. आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इंग्रजीत लिहिणार ना? मग लिही. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं."

निबंध मी पाठवण्याच्या आदल्या रात्री वाचला. मासळीबाजार त्यात एका परिच्छेदात होता, तोही कल्ल्यापुरता. चर्चचं वर्णन जवळजवळ नव्हतं. तिने धरलं होतं ते मुदतीचं वाक्य. तिला कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय, आणि तिच्या डोक्यात आजीचा नवस म्हणजे थांबायची अट न घातलेला लूप, तेच ते पुन्हा पुन्हा करत राहणारा. असा प्रोग्रॅम चालतच राहतो. तिथून ती संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्यूरिंगकडे गेली: कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो कधी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे त्याने १९३६ साली दाखवून दिलं. मग परत आजीकडे. आजीचा लूप चुकून राहिलेला आहे, की अट न घालण्यातच त्याचा अर्थ आहे? यंत्रात ज्याला दोष म्हणतात त्याला माणसात काय म्हणायचं? याचं उत्तर तिने दिलं नव्हतं. तिला ते सापडलेलं नाही, असं तिने सरळ लिहिलं होतं. मला ट्यूरिंगचा भाग दोनदा वाचावा लागला, पण या विषयाकडे दुसऱ्या कुणी या रस्त्याने आलं नसतं, हे पहिल्याच वाचनात कळलं. सल्लागार बाईंनी शेवटी एक वाक्य घालायला सांगितलं, आजीकडून मी चिकाटी शिकले अशा अर्थाचं. भाचीने घातलं, एक रात्र ठेवलं, आणि काढून टाकलं. तसाच पाठवला. निकाल यायचा तेव्हा येईल. निबंध चांगला आहे म्हणून प्रवेश मिळतो असं काही नाही, आणि त्या चार वर्षांचा खर्च ताई-भावोजी कसा उभा करणार आहेत ते मला अजून समजलेलं नाही.

मला राहून राहून लागतं ते दुसरंच. माझ्या शाळेतली मुलं हा अर्ज कधी भरणार नाहीत. बुधवारबद्दल तुला काय वाटतं, असं त्यांना कुणी विचारणार नाही, आणि ते काय वाटतं हे ऐकायला कुणी फी घेऊन बसणार नाही. ती फळ्याचं मनोगत लिहितील आणि त्यातला फळा नेहमीसारखा झिजेल. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नववीला एक निबंध घातला, अभ्यासक्रमाच्या बाहेरचा: तुमच्या घरात कुठला वार वेगळा असतो? गाइडमध्ये तो नाही, हे मुलांना लगेच कळलं. पाच मिनिटं कुणी पेन उघडलं नाही. "बाई, किती ओळी?" "तुम्हाला पुरतील तेवढ्या."

सगळ्यांनाच जमला असं नाही. बऱ्याच जणांचा रविवार निघाला, आणि त्यात क्रिकेट आणि चिकन. पण एका मुलीने मंगळवार लिहिला होता. तिची आई पार्लरमध्ये काम करते, मंगळवारी पार्लर बंद, आणि त्या दिवशी आई स्वतःच्या केसांना तेलसुद्धा लावत नाही, कुणी केसांचं नावही काढायचं नाही. एकाने शुक्रवार लिहिला, शेजारच्या मशिदीबाहेर वडील फळांची गाडी लावतात तो, आणि रात्री घरी आलेली उरलेली फळं कुठल्या बाजूने डागाळलेली असतात ते. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याने वर्षभरात दोन ओळींपुढे काही लिहिलेलं मला आठवत नाही, त्याने गुरुवार लिहिला. त्याचे वडील वॉचमन आहेत, गुरुवारी त्यांची सुट्टी. "त्या दिवशी घरात एक माणूस जास्त असतो आणि खोली तेवढीच असते." पुढे आणखी तीन ओळी होत्या, वडील झोपतात तेव्हा बाकीचे चौघे जिन्यात कसे बसतात, याच्या. मी खाली लाल पेनाने विचारलं, "जिन्यात बसून काय करता?" दुसऱ्या दिवशी तो तास सुरू व्हायच्या आधीच टेबलापाशी येऊन उभा राहिला. वहीचं पान भरलं होतं, मागची बाजूही, आणि समासातसुद्धा लिहिलं होतं. "बाई, अजून आहे," म्हणाला. "पुरवणी मिळेल का?"